पाच वाजताच्या भुकेचं मूळ एक वाजताच्या ताटात

तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वय ४२, वजन ६५ किलो, घरून काम. सकाळी नऊला पोहे नाहीतर उपमा, एक वाजता लॅपटॉपसमोर दोन पोळ्या-भाजी आणि मग साडेतीन-चारला जे तोंड चालू होतं ते रात्री साडेनऊच्या जेवणापर्यंत बंदच होत नाही, चिवडा, मारी, मुलाच्या डब्यातलं उरलेलं, परत रात्री अकराला फ्रीज. फरसाण आणणं तीनदा बंद केलं, तिन्ही वेळा चौथ्या दिवशी पाकीट घरात आलंच. शुगर नॉर्मल आहे, थायरॉइड नॉर्मल आहे. आणि विचारलंय की मनावर ताबा कसा ठेवू.

ताब्याचं नंतर बघू, आधी ताट बघू. मी अठरा वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून प्रॅक्टिस करतेय आणि "मला कंट्रोल नाही हो" म्हणत आलेल्या दहातल्या सात-आठ जणींचा मला तरी कंट्रोल गेलेला दिसला नाही, त्या दुपारी नीट जेवलेल्याच नसतात. अर्धपोटी उठलेला माणूस चार वाजता डब्याकडे जाणारच, त्यात चारित्र्याचा काही प्रश्न नाही.

तुमचाच हिशोब करू. आयसीएमआर-एनआयएन म्हणजे देशातल्या सरकारी पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत निरोगी मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन धरलंय, म्हणजे ६५ किलोला साधारण ५४ ग्रॅम. पोह्यांच्या बशीत शेंगदाण्यांसकट पाच-सहा ग्रॅम. दोन पोळ्यांचे मिळून सहा, भेंडीची भाजी एक-दोन, वरण घेतलंच तर ते पातळ, त्यात तीन. दुपारी दोनपर्यंत पोटात सोळा-सतरा ग्रॅम गेलंय, दिवसाच्या एक तृतीयांशाहूनही कमी, आणि दिवसातलं कामाचं डोकं तर तोवर बरंचसं वापरून झालेलं असतं. पोट भरल्यासारखं जे दोन-तीन तास टिकतं त्याला प्रोटीन लागतं, चोथा लागतो, थोडा स्निग्धांश लागतो, आणि चावायला वेळ लागेल असं काहीतरी लागतं. पोहे आणि दोन मऊ पोळ्या ह्यातलं काही फारसं देत नाहीत. पोह्यांवर माझा राग नाही, मी स्वतः आठवड्यातून दोनदा खाते, पण नुसत्या पोह्यांवर एक वाजेपर्यंत काढायचं म्हणजे पाव टाकी पेट्रोलवर महाबळेश्वर गाठायचं.

आता आपल्याकडे एक मोठा घोळ आहे तो सांगते, त्यात मीही सामील होते. सुरुवातीच्या वर्षांत मी सगळ्यांना एकच छापील तक्ता द्यायचे, दिवसातून सहा वेळा खा, थोडं थोडं खा, अकराला एक फळ, चारला दोन मारी, झोपताना कपभर दूध. तेव्हा शिकवलंच तसं जायचं, मेटाबॉलिझम पेटता राहतो म्हणे. प्रत्यक्षात अन्न पचवायला जी ऊर्जा लागते ती दिवसभराच्या एकूण खाण्याच्या साधारण दहा टक्के असते, ते खाणं तीन वेळात खा की सहा वेळात, आकडा जवळपास तोच. आणि माणसं तक्त्यातलं "थोडं थोडं" वाचत नाहीत, "सहा वेळा" वाचतात. एका बँकेतल्या बाई तीन महिन्यांनी चार किलो वाढवून आल्या आणि मला तक्ता दाखवून म्हणाल्या, मॅडम एकही टाइम चुकवला नाही. खरंच चुकवला नव्हता. त्या दिवसानंतर मी तो तक्ता बंद केला.

२०१४ मध्ये प्रागमधल्या संशोधकांनी टाइप टू डायबेटिसच्या ५४ जणांवर एक प्रयोग केला होता, तेवढ्याच कॅलरी बारा आठवडे सहा छोट्या खाण्यात आणि बारा आठवडे दोन मोठ्या जेवणात, न्याहारी आणि दुपारचं जेवण. दोन जेवणांच्या काळात सरासरी ३.७ किलो वजन उतरलं, सहा वेळच्या काळात २.३. त्यावरून सगळ्या जगाने दोनदाच जेवावं असं काही मी म्हणणार नाही, ते सगळे पेशंट होते आणि प्रयोग होता. पण "मधे खाल्लं नाही तर शरीर चरबी साठवतं" ही जी भीती घातली जाते तिला फारसा आधार नाही एवढं नक्की.

महाराष्ट्रात हे सगळं घरोघर पोचलं ते डॉ. जगन्नाथ दीक्षितांमुळे, मूळ कल्पना नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांची, दिवसातून दोनदाच जेवायचं आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचं. दुसऱ्या टोकाला आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं वरचेवर थोडं थोडं खा. ह्यावरून कुटुंबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडणं झालेली मी पाहिलीत, एका घरात तर सासरे दीक्षित आणि सून दिवेकर, स्वयंपाकघर एकच. मला विचाराल तर दोन वेळा ज्यांना मानवतं त्यांनी जरूर करावं, पण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरकाम-नोकरी-मुलं सांभाळणाऱ्या बायकांना तीन वेळा बसून, पोटभर, आणि मधे काही नाही, हेच वर्षानुवर्षं टिकतं. "पोटभर" ह्या शब्दावर जोर द्या, बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे.

आपल्या जुन्या लोकांना हे माहीत होतंच. आयुर्वेदात अध्यशन म्हणून वेगळा शब्दच आहे, आधीचं पचायच्या आत वर परत खाणं. आणि एक वचन आहे, "याममध्ये न भोक्तव्यं यामयुग्मं न लङ्घयेत्", एका यामाच्या आत म्हणजे तीन तासांत परत खाऊ नये आणि दोन याम म्हणजे सहा तास उलटू देऊ नयेत. लोक पहिला अर्धा भाग ऐकवतात, दुसरा विसरतात. तुमचा गोंधळ दुसऱ्या अर्ध्यात आहे! एक ते साडेनऊ म्हणजे साडेआठ तास. इतक्या वेळात पाच वाजता भूक लागणं ही सवय नाही, ती खरी भूक आहे, आणि तिला चिवड्याने फसवायला गेलात की ती दर वीस मिनिटांनी परत येते.

म्हणून दोनच रस्ते. एकतर रात्रीचं जेवण साडेसात-आठला ओढा. ते जमत नसेल, नवरा नऊला येतो, सगळे एकत्र बसतात, जे काही असेल ते, तर साडेपाचला एक खरंखुरं छोटं जेवण करा. ताटलीत वाढून, बसून, एकदाच. मुगाची दोन धिरडी आणि वाटीभर दही, किंवा एक थालीपीठ-दही, किंवा आदल्या दिवशीची मटकीची उसळ कांदा-लिंबू घालून आणि सोबत एक पोळी, किंवा दोन अंडी आणि पोळी. मग साडेनऊला सगळ्यांबरोबर बसा, वाटीभर आमटी, भाजी, एखादी भाकरी, झालं. "मग हे मधलं खाणंच झालं ना" असं विचारणार तुम्ही, सगळेच विचारतात. नाही. माझ्या लेखी फरक पदार्थाचा नाहीच, फरक बसण्याचा आहे. जे वाढून घेतलं, बसून खाल्लं आणि संपलं ते जेवण. जे डब्याचं झाकण एका हाताने उघडून ओट्याशी उभ्याउभ्या तोंडात टाकलं ते चरणं, मग तो मखाणा असो नाहीतर बदाम.

मखाण्याचा विषय निघालाच आहे तर... "हेल्दी स्नॅक" ह्या प्रकाराने जेवढं नुकसान केलंय तेवढं वड्यानेही केलं नसेल. वडापाव खाल्ला की माणसाला कळतं आपण काहीतरी खाल्लं. मूठभर दाणे येताजाता खाल्ले तर ते हिशोबात धरलेच जात नाहीत, आणि ३० ग्रॅम शेंगदाण्यांत १७० कॅलरी असतात, तीन चकरा मारल्या की पाचशे. दाणे वाईट नाहीत. तेच दाणे कोशिंबिरीत कूट म्हणून, चटणी म्हणून जेवणात घ्या, पोट भरतं आणि हिशोबही राहतो.

आता दुपारचं ताट. दोन पोळ्या राहू देत, नाहीतर एक ज्वारीची भाकरी. त्यात घट्ट उसळ किंवा घट्ट आमटीची मोठी वाटी घाला, कच्चं कडधान्य ४०-५० ग्रॅम पडेल अशी, त्यात दहा-अकरा ग्रॅम प्रोटीन येतं. भाजी चमचाभर नको, वाटी भरून. दह्यातली कोशिंबीर, काकडी, गाजर, मुळा, जे असेल ते. खात असाल तर बांगडा, चिकन, अंडी, उसळीच्या जागी. आणि तूप किंवा फोडणीचं तेल अगदी शून्यावर आणू नका, "माझ्या भाजीत एक थेंब तेल नसतं" असं अभिमानाने सांगणाऱ्या बायका चार वाजता फरसाण खातात, तेच तेल, जास्तीचं मीठ लावून. शेवटी वाटीभर ताक नाहीतर थोडा भात-वरण, ज्याची तुम्हाला सवय असेल. ज्यांना भात सोडवत नाही त्यांना मी सोडायला सांगत नाही, फक्त आधी कोशिंबीर आणि उसळ संपवा, भात शेवटी, म्हणजे तो आपोआप कमी लागतो.

हे ताट पाहून पहिल्या भेटीत बहुतेक जणी म्हणतात, एवढं? जाड होईन मी. होत नाही. एवढं खाल्लं की चार वाजताचे जे चारशे-पाचशे कॅलरीचे तुकडे असतात ते गळतात, आणि तुकड्यांचा तोटा हा की ते कधीच समाधान देत नाहीत.

सकाळचं पण तसंच. पोहे अर्धे आणि दोन अंडी, किंवा मुगाचं धिरडं, किंवा उपम्याऐवजी डाळी जास्त घातलेल्या आंबोळ्या. ह्यावर फार वेळ घालवत नाही, दुपार सुधारली की सकाळ आपोआप लागते लाइनीला.

लॅपटॉपसमोर जेवणं मात्र आजपासून बंद, ह्याच्यावर मी अडून बसणार. २०११ मध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांनी ४४ लोकांना सारखंच जेवण दिलं, अर्ध्यांना जेवताना कॉम्प्युटरवर पत्त्यांचा सॉलिटेअर खेळायला लावला. खेळणाऱ्यांना पोट कमी भरल्यासारखं वाटलं, आपण काय काय खाल्लं ते नीट आठवेना, आणि अर्ध्या तासाने समोर बिस्किटं ठेवली तर त्यांनी बाकीच्यांच्या जवळजवळ दुप्पट खाल्ली. म्हणजे जेवल्याची आठवण हीसुद्धा पोट भरण्याचा भाग आहे. आपल्या घरात आजी ताटाभोवती पाणी फिरवायच्या, पोरांना श्लोक म्हणायला लावायच्या, ते मला लहानपणी कटकट वाटायचं, आता वाटतं की त्या दोन मिनिटांत निदान सगळे ताटाकडे बघत तरी होते. तुम्ही श्लोक म्हणा न म्हणा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि वीस मिनिटं खुर्चीवर बसा. मीटिंग एक वाजता लावतात म्हणालात, तर कॅलेंडरमध्ये स्वतःच वेळ अडवून ठेवा, पुरुष सहकारी ठेवतातच.

आणि हे खास बायकांसाठी. आपण स्वतःला कधी वाढूनच घेत नाही. सगळ्यांना गरम पोळ्या करून घालायच्या, शेवटची तव्यावरची पोळी ओट्याशी उभं राहून, पातेल्याला चिकटलेली भाजी पुसून, मुलाने टाकलेला अर्धा पराठा "वाया कशाला" म्हणून. त्यात चव बघणं वेगळंच. मग सगळं आवरून ताट घेऊन बसायचं तेव्हा भूक मेलेली असते, म्हणून एकच पोळी, आणि मग चारला परत. माझ्या एका पेशंट शिक्षिका, त्यांना मी फक्त एवढंच सांगितलं होतं की पोळ्या आधी करून डब्यात ठेवा आणि सगळ्यांबरोबर ताट घ्या, बाकी काही बदलू नका. घरात दोन आठवडे कुरकुर झाली, गार पोळी म्हणे. दीड महिन्यात त्यांचं संध्याकाळचं खाणं जवळपास थांबलं. मुलाचं उरलेलं कुत्र्याला घाला, झाडाला घाला, उद्या कमी वाढा, तुमचं पोट हे काही ओल्या कचऱ्याचा डबा नाही.

पहिला आठवडा-दहा दिवस चार वाजता आठवण येणार, त्याची तयारी ठेवा. भुकेचं जे घ्रेलिन नावाचं हार्मोन आहे ते आपल्या नेहमीच्या खाण्याच्या वेळांआधी वाढतं, इतकी वर्षं चारला खाऊ घातलंय तर ते चारला हजर होणारच. ते लाटेसारखं येतं, न खाता थोडा वेळ गेला की ओसरतं. पाणी प्या, गच्चीवर चक्कर मारा, फोन करा कोणाला. पोटात गुडगुडलं तर घाबरू नका. पोट रिकामं असताना साधारण दीड-दोन तासांनी आतड्यातून एक आकुंचनाची लाट जाते, उरलंसुरलं पुढे ढकलत, झाडू मारल्यासारखी, आणि खाल्लं की ती थांबते. ते गुडगुडणं बऱ्याचदा त्या झाडूचं असतं. दिवसभर चरणाऱ्यांच्या पोटात झाडू मारायला वेळच मिळत नाही. बिचारे दातही तसेच, प्रत्येक वेळी गोड-पिठूळ काही तोंडात गेलं की दातांवरच्या थरात आम्ल तयार होतं आणि ते निवळायला अर्धा-पाऊण तास जातो. दिवसातून तीनदा आणि दिवसातून अकरा वेळा ह्यात दातांसाठी फार फरक आहे, डेंटिस्टना विचारा.

रात्री अकराचं फ्रीज. बहुतेकदा त्याचं कारण "रात्री हलकं" हे असतं. सूप, नाहीतर दोन चमचे खिचडी. खिचडीच करायची तर तांदूळ आणि मुगाची डाळ निम्मी-निम्मी घ्या, वर तूप, बाजूला कढी आणि भाजी, ती झाली जेवण. जेवल्यावर दात घासून टाका, अगदी साधी युक्ती आहे पण पेस्टच्या चवीवर चिवडा लागत नाही. आणि सिरीजचा तिसरा एपिसोड बघताना जे खावंसं वाटतं ते भूक नसून झोप असते, ती मात्र ताटाने भागत नाही.

हे कोणी करू नये तेही सांगते, कारण हे वाचून कोणीतरी आपल्या आईला लावेल. इन्सुलिन घेणारे, किंवा डायबेटिससाठी ग्लिमेपिराइडसारख्या शुगर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे, ह्यांनी डॉक्टरांशी बोलून डोस बदलल्याशिवाय मधलं खाणं तोडायचं नाही, शुगर ७० च्या खाली गेली तर घाम, थरथर, चक्कर, आणि तेव्हा लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, तिथे नियम पाळत बसायचं नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना मधे लागतं, खावं. लहान मुलांचं पोट लहान असतं, त्यांना मधल्या सुट्टीचा डबा हवाच. वजन आधीच कमी असलेले, मोठ्या आजारातून उठलेले, आणि ज्यांना कधी उपाशी राहून मग एकदम खात सुटण्याचा त्रास झालाय त्यांनी घड्याळ लावून खाण्याच्या फंदात न पडता आधी भेटून घ्यावं. तुमचे रिपोर्ट तुम्ही लिहिलेत त्यावरून तुम्ही ह्यातल्या कशात बसत नाही.

फरसाणाचं पाकीट घरात आणू की नको? आणा. मुलाला लागतं, पाहुण्यांना लागतं, आणि ज्या घरात फरसाण येत नाही त्या घरातली माणसं शेजाऱ्यांकडे खातात. फक्त ते जेवणाच्या ताटात डाव्या बाजूला दोन चमचे वाढून घ्या, लोणच्यासारखं. उसळीवर शेव भुरभुरवलीत तर अजून छान. बरणी डोळ्यांसमोर नको, वरच्या फळीवर ठेवा जिथे स्टूल घ्यावं लागेल.

राहिला सासूबाईंचा साडेचारचा चहा, जो एकटीने प्यायला त्यांना आवडत नाही आणि सोबत खारी असतेच. चहा सोडू नका, त्या वेळेला बसून गप्पा मारणं ह्याचं मोल मी तुमच्या डाएटसाठी घालवायला लावणार नाही. अर्धा कप घ्या, साखर हळूहळू कमी करत न्या, दिवसाला चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे म्हणजे चाळीसेक ग्रॅम साखर होते, डब्ल्यूएचओ पंचवीसच्या आत ठेवलेली बरी म्हणते. जेवण आणि चहा ह्यात तासाचं अंतर असू द्या, नाहीतर उसळीतलं लोह नीट लागत नाही. आणि खारी पुढे आली की "मी डाएट करतेय" हे चुकूनही म्हणू नका, तो शब्द ऐकला की आपल्याकडे समोरचा माणूस दुप्पट आग्रह करतो. "आई, दुपारी उसळ जरा जास्तच झाली, अजून पोटात आहे" म्हणा. दुपारचं ताट मी सांगितलंय तसं वाढून घेतलंत तर खोटं बोलावं लागणार नाही.